गाडी खोललेली आहे

गाडी विकत घेतली की ती चालवायची असते, अशी आमच्या पिढीची एक भाबडी समजूत होती. नंबर लावायचा, वर्षानुवर्षं वाट बघायची, गाडी हातात आली की हार घालायचा, चारी चाकांखाली लिंबं ठेवायची आणि सहकुटुंब जेजुरीला जाऊन यायचं. त्यामुळे मुलाने मिशिगनहून फोनवर गाडी घेतल्याचं सांगितलं, तेव्हा मी सवयीने विचारलं, “अ‍ॅव्हरेज किती देते?”

“बाबा, ती खोललेली आहे.”

“कुणी खोलली?”

“मी.”

चांगली चालती गाडी होती. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेतून ट्रेलरवर मुद्दाम आणवली होती, कारण मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्या मिठाने गाड्यांचे पत्रे खालून कुरतडले जातात. एवढं करून आणलेली गाडी त्याने धुतली, फोटो काढले आणि खोलली. आम्ही दोघं डेट्रॉइटजवळच्या त्याच्या घरी पोचलो तेव्हा इंजिन स्टँडवर, गिअरबॉक्स फळीवर आणि दारं भिंतीला टेकून, अशी ती गॅरेजभर नांदत होती. सूनबाईची रोजची गाडी बाहेर बर्फात उभी होती. त्याविषयी सूनबाई काही बोलली नाही. ती फक्त रोज सकाळी, आम्हाला दिसेल अशा बेताने, काचेवरचा बर्फ खरवडायची.

गाडी म्हणजे १९७७ ची डॅटसन २८०झेड. लांबलचक बॉनेट, दोनच दारं, दोनच सीटं आणि छपरापासून मागच्या दिव्यांपर्यंत उतरत गेलेली पाठ. या घराण्यातली पहिली, २४०झेड, १९६९ च्या अखेरीस आली. अमेरिकेत तिची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. डॅटसन बनवणाऱ्या निसानच्या अमेरिकेतल्या कंपनीचे प्रमुख युताका काटायामा यांनी तिचा आग्रह धरला होता. जपानमध्ये हिचं नाव ‘फेअरलेडी’. या नावाची स्पोर्ट्‌स कार अमेरिकन माणूस घेणार नाही हे काटायामांनी ओळखलं आणि पहिल्या गाड्या आल्या तेव्हा नावाची पट्टी उचकटून तिथे २४०झेडची लावली, अशी कथा या गाडीचे भक्त सांगतात. काटायामा १०५ वर्षं जगले. मुलगा हेही गाडीच्या गुणांत धरतो.

२८०झेड ही १९७५ ते १९७८ मधली. सहा सिलिंडर एका रांगेत, २७५३ सीसी, ब्लॉक बिडाचा, वर हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन. मी सहज फायरिंग ऑर्डर विचारली. तो म्हणाला, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. माझी सगळी नोकरी पुण्यात डिझेल इंजिनांच्या असेंब्लीत गेली. सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनांचा बहुतेक सगळीकडे हाच क्रम, आणि नव्या पोरांकडून आम्ही तो घोकून घेत असू. इतक्या लांब येऊन, बर्फात, एका जपानी गाडीच्या पोटात ओळखीचं माणूस भेटलं. त्यानंतर मी त्या गॅरेजमध्ये पाहुणा राहिलो नाही.

असं इंजिन मिळाल्यावर माणसाने ते नीट बांधून गाडी चालवावी. मुलाला त्यावर टर्बो बसवायचा होता.

टर्बोचार्जर हा तसा आपल्या स्वभावाला पटणारा प्रकार. इंजिनातला जळका धूर सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्यात उष्णता असते, जोर असतो. त्याच्या वाटेत एक पंख्याचं चाक ठेवायचं आणि त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं. धूर पहिलं चाक फिरवतो, दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या घरात हे तत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि बहुतेक वेळा तेलाच्या पातळ थरावर तरंगत घेतो. एका टोकाचं चाक लालबुंद करणाऱ्या धुरात, दुसरं बाहेरच्या हवेत, आणि दोघांच्या मध्ये वीतभरही अंतर नाही.

कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५ चं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं इंजिन टर्बोसकट कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, चौदा हजार फुटांवर चढवलं आणि विरळ हवेतही त्याचा दम टिकतो हे दाखवलं. मोटारगाडीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, जनरल मोटर्सच्या दोन गाड्यांतून. त्यांतली ओल्ड्‌समोबाइल जेटफायर माझी विशेष लाडकी. तिच्यात पेट्रोलखेरीज आणखी एक टाकी होती. तीत डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण भरायचं. कंपनीने त्याचं नाव ठेवलं होतं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. इंजिनावर जोर आला की हे पाणी थोडंथोडं आत जाऊन आग आवरायचं. गिऱ्हाइकं ती टाकी भरायला विसरली. टाकी रिकामी झाली की यंत्रणा ताकद आखडती घ्यायची, गिऱ्हाइक तक्रार घेऊन यायचं, आणि शेवटी पुष्कळ गाड्यांमधून टर्बोच काढून टाकला गेला. दोन वर्षांत मॉडेल बंद झालं. जाहिरातीत रॉकेट, आणि अडलं कुठे, तर पाणी भरण्यात!

आपल्याकडे टर्बो ओळखीचा झाला तो ट्रकच्या अंगावर रंगवलेला. डिझेलला तो मानवतो. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते, इंधन शेवटच्या क्षणी येतं. हवा कितीही कोंबली तरी वेळेआधी पेटणार काय? पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल बहुधा आधीच मिसळून येतात. जास्त दाबलं, जास्त तापलं, की ठिणगीने लागलेली आग पोचायच्या आत ते कुठल्यातरी कोपऱ्यात आपलं आपणच भडकतं. हे नॉकिंग. बाहेर खडे वाजल्याचा आवाज येतो, आत पिस्टन फुटतो. म्हणून निसानने १९८१ मध्ये स्वतः या इंजिनाला टर्बो लावून १८० अश्वशक्तीची २८०झेडएक्स टर्बो काढली, तेव्हा कंप्रेशन ७.४ वर ठेवलं होतं. मुलाच्या गाडीचं मूळ कंप्रेशन ८.३. त्या टर्बोवालीचं अख्खं इंजिन भंगारातून आणून बसवणं, हा या गाडीच्या भक्तांत राजमार्ग समजला जातो. पण राजमार्गानेच जायचं तर गाडी खोलायची कशाला?

एक गोष्ट मला म्हातारपणी उलटी शिकावी लागली. डिझेलला इंधन जास्त झालं की ते तापतं. टर्बोवाल्या पेट्रोल इंजिनाला इंधन कमी पडलं की ते तापतं. एरवी पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. टर्बोने जोर धरला की हवेचं प्रमाण बाराच्याही खाली आणतात, म्हणजे वरचं पेट्रोल जळण्यासाठी नसतंच, ते थंडाव्यासाठी. आयुष्यभर पंपावर “शंभरचं टाका” म्हणत आलेला मी माणूस. थंडाव्यासाठी पेट्रोल ओततात हे ऐकून मी प्यायला पाणी मागितलं. हा हिशेब सांभाळायला एक संगणकाची पेटी लागते, मेगास्क्वर्ट नावाची. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी ती अशा घरगुती कारागिरांसाठीच तयार केली. तिचे सुटे भाग मिळतात, सोल्डरिंग आपण करायचं. ते जेवणाच्या टेबलावर चाललं होतं. आम्ही त्या काळात ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

दिवसभर हा मुलगा एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनांची गणितं करतो. त्याच्या ऑफिसात मी जाऊन आलो. स्वच्छ, शांत, आणि इंजिन पडद्यावर. तिथे एकही बोल्ट अडकत नाही. घरी आल्यावर मात्र त्याला अडकलेले बोल्ट लागतात.

ते मिळाले. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे तापल्यावर दोघं वेगवेगळे फुगतात आणि त्याचा राग कडेच्या स्टडवर निघतो. चार दशकांहून जास्त हे सोसलेल्या स्टडला पाना लावला की तो आधी हलल्यासारखं करतो आणि मग मान मोडून हातात देतो. उरलेला तुकडा आत आट्यांत. गंजाचं तेल सोडून रात्रभर ठेवलं. गॅसच्या बत्तीने हेड तापवून आट्यांत मेण सोडलं. तुकडा ढिम्म.

शेजारचे आजोबा मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. १९८० च्या सुमारास त्या भागात जपानी गाड्या घणाने फोडायचे जाहीर कार्यक्रम होत असत. डॅटसनकडे बघून आजोबा आजवर नुसती मान हलवत. पण मोडलेला स्टड त्यांच्याच्याने बघवेना. घरी जाऊन ते उलट्या फिरतीचे ड्रिल बिट घेऊन आले. हे बिट डावीकडे फिरत भोक पाडतं, आणि पाडता पाडता पकड बसली तर तुकडा सोडवून बाहेर आणतं. त्याआधी तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंच बसला पाहिजे, नाहीतर हेडचे आटे जातात. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला, पंच धरला आणि एकच घाव घातला. ड्रिल अगदी सावकाश फिरू लागलं. बारीक किस वर येत राहिला. मग किस यायचा थांबला, बिटाने तुकडा धरला आणि तो वळत वळत बाहेर आला. आजोबांनी तो तळहातावर घेतला, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, पोलाद वाईट नव्हतं. एवढ्या वर्षांनी आलेलं प्रमाणपत्र. मुलाने तो तुकडा जपून ठेवला आहे.

ब्लॉकचं बोअरिंग आणि हेडचं व्हॉल्व्हचं काम मशीन शॉपने केलं. ‘सगळं घरी केलं’ असं पाहुण्यांना सांगताना हा भाग मुलगा भरभर सांगून टाकतो. रिंगा मात्र खरोखर घरी बसल्या, आणि ते काम माझ्याकडे आलं.

पिस्टनची रिंग बंद नसते, तिला एक फट असते. इंजिन तापलं की रिंग लांबते आणि फट मिटत जाते. टर्बोमुळे उष्णता वाढणार, म्हणून फट थोडी मोठी ठेवायची. टोकाला टोक भिडलं तर पिस्टनचा काठ उचकटलाच. मूळ ८६ मिलिमीटरच्या बोअरला वरच्या रिंगची फट धरली वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. रिंग सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून तिला सरळ रेटायची, फिलर गेज घालून बघायची, काढायची. मग टोकाला कानस, तीही बाहेरून आत, म्हणजे काठाचा थर उडत नाही. बोटाने बूर चाचपून उतरवायची आणि रिंग पुन्हा आत. फट वाढवता येते, कमी करता येत नाही, त्यामुळे शेवटी एकेका थाऊसाठी दोनदा-तीनदा फेरी. अठरावर मुलगा म्हणाला, “चालेल, बाबा.” मी म्हटलं, “वीस ठरलंय ना? मग वीस.” वरची आणि दुसरी धरून सहा सिलिंडरच्या बारा रिंगा. सूनबाई कॉफी घेऊन आली, दारात थोडी थांबली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघं मघापासून एक शब्द बोलला नाहीत, आणि तरी भांडण झाल्यासारखं वाटत नाही!”

आमच्या सौ.चं मत वेगळं होतं. तिने नानकटाईसाठी ओव्हन उघडला, तर आत लाल रंगाचं व्हॉल्व्ह कव्हर. रंग पक्का व्हायला ते मंद आचेवर भाजावं लागतं, असं मुलाने सांगितलं. “किती वेळ?” असं तिने विचारलं तेव्हा मला वाटलं, हिला यात रस आला. तिला नानकटाईची वेळ ठरवायची होती. त्या ओव्हनमध्ये पुढे नानकटाई काही झाली नाही. रंगाचा वास खाण्यात उतरतो, हे तिचं म्हणणं बरोबरच आहे, आणि अशा कामांना वेगळा जुना ओव्हन आणावा हे मी मुलाला तिच्यासमोर बजावलं. त्याने लगेच आणला. खर्चाच्या वहीत तो ‘इतर’ या रकान्यात गेला. मी ती वही चाळली होती. ‘इतर’ हा रकाना टर्बोपेक्षा मोठा आहे.

इंजिन चालू करायच्या दिवशी सौ.ने गाडीपुढे नारळ वाढवला आणि चाकांखाली लिंबं ठेवली. आजोबा आग विझवायचं सिलिंडर हातात घेऊन उभे राहिले. दोन्ही व्यवस्था मला योग्य वाटल्या. आधी प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवून तेलाचा दाब आणला, कारण टर्बोच्या बेअरिंगला तेलाशिवाय एक क्षणही फिरवायचं नसतं. मग प्लग बसवले, किल्ली फिरवली, आणि सहाही सिलिंडर आपापल्या पाळीला पेटले. जोडताना लावलेलं तेल जळून गॅरेजभर धूर झाला. धुरात मुलगा हसत होता की खोकत, ते कळत नव्हतं.

खरी गंमत पुढे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. मुलाने टर्बोचा दाब ठेवला होता सात, म्हणजे जवळजवळ निम्मं वातावरण जादा. रस्त्यावर टर्बोने पहिल्यांदा जोर धरला, इंजिनाचा आवाज चढला, आणि गाडी आहे त्याच वेगाने जात राहिली. क्लच घसरत होता. नवा क्लच आला. गाडी पळाली, तर पेट्रोल पंप पुरेना. पंप बदलला, तर रेडिएटर तापला, कारण दाबलेली हवा गार करायला त्याच्यापुढे इंटरकूलर उभा केला होता आणि रेडिएटरचा वारा अडला होता. कंपनीने १४९ अश्वशक्ती धरून एकेक भाग बेताचा केला होता. क्लच त्या मापाचा, पंप त्या मापाचा, ब्रेकही त्याच मापाचे. कुणी कुणाला कमी नव्हतं. टर्बो आला आणि सगळेच कमी ठरले. ताकद वाढवण्याचा हा उद्योग म्हणजे गाडीतला पुढचा दुबळा भाग कोणता, हे पैसे खर्चून शोधत जाण्याची पद्धत आहे. ज्याला हा शोध आवडतो त्यानेच यात पडावं. वेग हवा असेल तर कर्ज काढून नवी गाडी घेणं स्वस्त पडतं, हे मी हिशेब करून सांगतो.

मीही बसून आलो. गाव संपल्यावर त्याने पाय दाबला. काही झालं नाही. “अरे, हिला पिकअप—” एवढं माझ्या तोंडून निघालं, आणि पाठ सीटला चिकटली. वाक्य पुरं झालं नाही. परत आल्यावर त्याने गाडी लगेच बंद केली नाही. तापलेल्या टर्बोतलं तेल जागेवर जळून कोळसा होऊ नये, म्हणून ती थोडा वेळ तशीच चालू ठेवायची. सौ. दारातून म्हणाली, “उगाच पेट्रोल जळतंय.” तिला कसं सांगणार, या गाडीत पेट्रोल याहूनही उगाच जळतं!

हे पुण्यात करता आलं नसतं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने ठरवलेल्या गाडीत असा फेरफार करू देत नाही. मिशिगनमध्ये गाडीची तपासणी नाही, धुराची चाचणी नाही. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या गाड्यांना धुराची चाचणी लागते, म्हणजे ही १९७७ ची तिथे दोन वर्षांच्या फरकाने अडकली असती. स्वातंत्र्य चांगलं, पण रस्त्यावर दुसरेही असतात आणि त्यांना आपल्या टर्बोशी कर्तव्य नसतं. ब्रेक बदलल्याशिवाय मी पुन्हा बसणार नाही, असं मी सांगितलं. ब्रेकची खोकी हल्ली दाराशी येऊन पडत आहेत आणि गाडी पुन्हा खोललेली आहे. सूनबाईची गाडी बाहेरच आहे.

तेव्हा तुमच्या घरात कुणी असं काही काढणार असेल, तर त्याला क्रम सांगून ठेवा. आधी ब्रेक, मग रेडिएटर, मग पेट्रोलचा पंप आणि क्लच. टर्बो सगळ्यांत शेवटी घ्यायचा. तो ऐकून घेईल, मान डोलावेल, आणि पहिलं खोकं टर्बोचंच येईल.